ऐक्य कोणाचे, भाव कोणाला? : निपाणीच्या तंबाखूवरून आफ्रिकेकडे पाहताना

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात आफ्रिकी ऐक्य संघटना येते ती स्थापना, मुख्यालय आणि उद्दिष्टे या तीन मथळ्यांखाली. २५ मे १९६३, अदिस अबाबा, वसाहतवादाला विरोध. पुढे २००२ साली तिची जागा आफ्रिकी संघाने घेतली. या मांडणीतून एक प्रश्न नेहमीच गळतो. विखुरलेले विक्रेते एकत्र आले तर त्यांची सौदाशक्ती किती वाढते, आणि वाढलीच तर तिचे फळ कोणाच्या पदरात पडते? आपल्या सीमाभागातील विद्यार्थ्याला हा प्रश्न परका नाही. निपाणीच्या तंबाखूने तो आपल्या दारातच विचारलेला आहे.

‘सौदा’ हा शब्द उर्दू आणि मराठी दोन्ही भाषांत बाजाराचा आहे. उर्दूत मात्र त्याच उच्चाराचा दुसरा एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ वेड, उन्माद. दोहोंची कुळे निराळी. तरीही ऐक्याच्या घोषणा ऐकताना यांपैकी कोणता ‘सौदा’ चालू आहे, हे तपासून घेतलेले बरे.

मार्च १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला. गुंडूराव सरकारच्या पोलिसांनी ६ एप्रिलला गोळीबार करून तो मोडून काढला. १२ शेतकरी मृत्युमुखी पडले. या लढ्यामागील विचार एककलमी होता : शेतीमालाला रास्त भाव मिळाला की बाकीचे प्रश्न सुटण्याची वाट मोकळी होते, शेतमजुराचे हितही त्याच भावात सामावलेले आहे. जोशी यांच्या लेखनाची ताकद या एकाग्रतेत आहे, हे मान्यच करावे लागते. जातीपातीत व गटातटांत विभागलेल्या शेतकऱ्याला एका मागणीवर आणणे ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु ‘सामावलेले आहे’ हे गृहीतक त्यांच्या मांडणीत सिद्ध होण्याऐवजी वारंवार उच्चारले जाते.

त्या गृहीतकाला प्रश्न विचारणारी एक कलाकृती निपाणीतूनच पुढे आली. ‘युगांतर’ या बंगळूरच्या स्त्री-चित्रपटगटाने १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. दिग्दर्शन दीपा धनराज यांचे. वखारीत तंबाखूच्या धुळीत राबणाऱ्या स्त्रियांनी संघटना कशी बांधली, हा त्याचा विषय. येथे बाहेरचा जाणकार कामगार स्त्रियांविषयी बोलत नाही. त्या आपले काम, मजुरी आणि अपमान स्वतः सांगतात. शीर्षकातील ‘ऊब’ही नेमकी आहे. रचून ठेवलेल्या तंबाखूला उष्णता आतून सुटते, बाहेरून काडी लावावी लागत नाही.

चित्रपट पाहताना ध्यानात येते की वखारीचा मालक हाच तंबाखूचा खरेदीदार व्यापारी असतो. म्हणजे शेतकऱ्याच्या आणि वखारीतल्या बाईच्या समोर बसणारा पक्ष एकच. एक माल रोखू शकतो, दुसरी हात रोखू शकते. प्रा. सुभाष जोशी यांचे नाव दोन्ही चळवळींत भेटते, ही लहान बाब नाही. तरीही अभ्यासकांनी या दोन चळवळींना दोन कप्प्यांत ठेवले : एक शेतीच्या अर्थशास्त्रात, दुसरी स्त्री-अभ्यासात. चित्रपटाचीही एक मर्यादा नोंदवली पाहिजे. त्याचा भर वखारीवर आहे. वखारीत बायका एका छपराखाली असतात, एकमेकींचे चेहरे पाहतात. घरोघरी सुपात पाने घेऊन विड्या वळणारी स्त्री एकटी असते. तिच्या उंबऱ्यावर सौदा करणारा ठेकेदार मात्र साऱ्या मोहल्ल्याचा हिशेब जाणून असतो. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुली अशाच घरांतून येतात.

हेच कोडे आफ्रिकेत मोठ्या पटावर दिसते. १९३७ साली गोल्ड कोस्टमधील युरोपीय कंपन्यांनी कोको खरेदीसाठी आपसांत करार केला. उत्तरादाखल शेतकऱ्यांनी माल विकणेच थांबवले, विलायती वस्तूंवरही बहिष्कार टाकला. एप्रिल १९३८ मध्ये तडजोड झाली. वाळवलेला कोको काही काळ टिकतो, म्हणून तो रोखता आला. नाशवंत माल असता तर निर्धार कितीही असो, दिवस मोजावे लागले असते. त्याच देशाचे पुढचे नेते क्वामे एन्क्रुमा यांनी १९६३ च्या ‘आफ्रिका मस्ट युनाइट’ या पुस्तकात संपूर्ण खंडाच्या एका संघराज्याची मागणी केली. एकेकटा देश बड्या खरेदीदारापुढे दुबळा, ही त्यांची नाडीपरीक्षा अचूक आहे. पण राजकीय ऐक्य आधी, बाकीचे मागाहून, हीही एककलमी मांडणीच. १९६५ मध्ये कोकोचे जागतिक भाव कोसळले आणि घानाच्या सरकारनेच शेतकऱ्याला मिळणारा दर कापला. पुढच्याच वर्षी एन्क्रुमा यांची सत्ता गेली.

अलीकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. जगातील निम्म्याहून अधिक कोको पिकवणाऱ्या घाना व आयव्हरी कोस्ट यांनी २०१९ मध्ये एकत्र येऊन टनामागे ४०० डॉलर जादा आकार जाहीर केला. खरेदीदारांनी दर्जापोटी दिला जाणारा वेगळा अधिमूल्याचा भाग घटवून त्याची धार बोथट केली. २०२४ मध्ये जागतिक भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला, पण बराच माल आगाऊ सौद्यांत जुन्या दराने विकला गेलेला होता. शेतकऱ्याच्या हाती त्या तेजीतले थोडेच आले. सप्टेंबर २०२३ मध्ये नवी दिल्लीत आफ्रिकी संघाला जी-२० चे सदस्यत्व मिळाले, हे स्वागतार्हच. मेजाभोवती खुर्ची मिळाली. रोखून धरता येईल असे हाती काय आहे, हे अजून ठरायचे आहे.

निपाणीचा चित्रपट पंचवीसेक मिनिटांचा आहे, आणि बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेने युगांतरचे चित्रपट डिजिटल स्वरूपात आणले आहेत. आफ्रिकी ऐक्याच्या पाठाआधी तो एका तासिकेत दाखवता येईल. उरलेल्या वेळात विद्यार्थिनींना एवढेच विचारावे, की घरी वळलेल्या हजार विड्यांपैकी किती नापास होतात, आणि ते कोण ठरवते.