जुन्या कातड्याचं लेणं

चामड्याचा दागिना पारखायचा तर आधी त्याचा काठ पाहावा. वरची बाजू पॉलिशने झाकता येते, काठ झाकणं अवघड. माझ्यासमोर आहे ती मनगटपट्टी एका जुन्या बेल्टमधून कापलेली. रुंदीला दोन बोटं, मनगटाला एक वेढा आणि बंद करायला एक टिचबटण. काठावरून नख फिरवलं तर कुठे अडत नाही. छेद वरपासून खालपर्यंत तपकिरी आहे, घासून घासून चकचकीत झालेला. कातडं झाडाच्या सालीत कमावलेलं असल्याची ही खूण. क्रोमवर कमावलेल्या कातड्याच्या छेदात बहुधा रंगाच्या थराखाली निळसर-राखाडी पोट दिसतं, आणि त्याचा काठ कितीही घोटला तरी पिंजारलेलाच राहतो.

क्रोमची रीत एकोणिसाव्या शतकात आली. 1884 साली न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्त्झने तिचं पेटंट घेतलं आणि महिन्या-महिन्यांचं काम दिवसावर आलं. आज बाजारातल्या बहुतेक पर्स, पाकिटं याच कातड्याची असतात. ते मऊ असतं, पाण्याला दाद देत नाही, गोंड्यांना आणि गोफांना चांगलं. सालीतलं कातडं मात्र ओलं केलं की कुंभाराच्या मातीसारखं वळतं आणि वाळलं की तोच आकार धरून बसतं. मनगटपट्टीची अंडाकृती कमान अशीच आली आहे. आत तार नाही, पुठ्ठा नाही.

पण या पट्टीचं खरं सौंदर्य तिच्या मधोमध आहे. सोनाराने जिथे खडा बसवला असता, तिथे बेल्टचं एक भोक आहे. रोजच्या वापरातलं भोक असणार, कारण ते आता गोल राहिलेलं नाही. बकलच्या काट्याने ओढून ओढून एका बाजूला लांबट झालंय. त्याच्या शेजारी बकलच्या चौकटीची आडवी वळी खोल रुतली आहे आणि वळीच्या कडेला रंग उडून मधासारखी पिवळट झाक वर आली आहे. बेल्टचा मागचा भाग कंबरेवर नुसता टेकलेला असतो, तो बराच कोरा राहतो. कुणीही तोच कापला असता. कारागीर बाईंनी तो सोडून नेमका हा थकलेला तुकडा उचलला आणि त्यावर काहीही लावलं नाही, मणी नाही की नक्षी नाही. भोक पुढे फाटू नये म्हणून मागून रापीने कागदाइतकी पातळ केलेली चकती तेवढी चिकटवली आहे, तीही बोटाला कळते, डोळ्याला नाही. अनोळखी माणसाने वर्षानुवर्षं रोज सकाळी केलेली एक हालचाल या तुकड्यात साठली आहे. ती ओळखण्याची नजर आणि ती तशीच ठेवण्याचा संयम, या दोन गोष्टींसाठी मला हे काम मोठं वाटतं.

कानातल्यांची जोडी याहून धीट आहे. ती जीर्ण कोल्हापुरी चपलेची आहे.

कोल्हापुरीचं कातडं दागिन्याला इतकं साजतं, याला कारण आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात ते सावकाश मुरतं. जुन्या रीतीत कातडं पिशवीसारखं शिवून, त्यात साल आणि पाणी भरून टांगून ठेवतात. वर चप्पल घेणारा तिला तेल पाजतो. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून 2019 मध्ये या चपलेचं भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे हेच कसब आहे. चपलेच्या पट्ट्यावर बारीक वाद्यांची वेणी असते. बाईंनी दोन्ही चपलांमधून ही वेणी पट्ट्यासकट दोन इंच काढून घेतली आहे. विणलेली वादी मध्येच कापली की उसवत जाते, म्हणून दोन्ही टोकं आरीने टोचून मेणाच्या दोऱ्याने बांधली आहेत. टाके मोजून पाहावेत इतके सारखे आहेत.

जोडी मात्र सारखी नाही. उजव्या कानातल्याची वेणी एका अंगाला जास्त झिजली आहे, डाव्याचा रंग गडद आहे. चालताना दोन पायांवर भार सारखा पडत नाही, तो फरक इथे उतरला आहे. बाईंनी रंग लावून तो मिटवला नाही. मान वळवली की कानातलं फिरतं आणि पट्ट्याची आतली बाजू दिसते, पायाच्या कातडीने घासून काचेसारखी झालेली. चपलेचा तळ त्यांनी घेतला नाही, हेही योग्यच. घामातल्या क्षाराने तळाचं कातडं कडक होतं आणि वाकवलं की तडकतं.

आकडा चांदीचा आहे आणि तो कातड्याला कुठेच टेकत नाही. मध्ये दोऱ्याचा फास आहे. यामागे अनुभव आहे. हिरड्यातल्या टॅनिनला लोखंड लागलं की काळे डाग पडतात. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई याच गुणावर बनायची. पितळ वापरावं तर तेल प्यायलेल्या कातड्यावर ते हिरवट मेणचट थर धरतं. एवढा विचार फासाएवढ्या जागेत केलेला आहे.

पायातली वहाण पायातच बरी, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण वहाणेपेक्षा माणसांवरच जास्त वापरली गेली. कातडं कमावणाऱ्या आणि वहाणा शिवणाऱ्या घरांनी ती पिढ्यान् पिढ्या ऐकली, बायकांनीही ऐकली. त्याच वहाणेची वेणी कानात डुलताना पाहिली, की मला मनापासून आनंद होतो. तो केवळ कलाकुसरीचा आनंद नाही, हे मी लपवणार नाही.

याच बाईंचा एक हार मला तेवढा भावला नाही. जुन्या पर्सचं मऊ कातडं पाकळ्यांच्या आकारात कापून, सोनेरी रंगवून त्यांनी फुलं केली आहेत. काम सफाईचं आहे. पण तीच फुलं कागदाची किंवा लोकरीची केली असती तरी चाललं असतं. पर्स कुणाच्या खांद्यावर होती, तिची कड कुठे झिजली, हे त्यात उरलेलं नाही.

असा दागिना घ्यायला निघालात तर दोन गोष्टी पाहा. जुनेपण झाकलंय की राखलंय, आणि धातू कातड्याला कुठे भिडतो. पापुद्रे सुटत असतील तर ते रेक्झीन, त्याच्या नादी लागू नका. स्वतःच्या घरातल्या बेल्टचंही करून घेता येईल. नाक्यावरच्या चर्मकाराकडे रापी आणि आरी दोन्ही असतात, चित्र काढून द्या. मात्र जुन्या बेल्टचे एवढे पैसे कसले, असं त्याला विचारू नका. कातडं तुमचं असलं, तरी कापणं, घोटणं, शिवणं यात त्याचा दिवस जातो. त्याची मजुरी पूर्ण द्या.