क्रीडोपचार आणि वऱ्हाडातील पितृहीन मूल

उपचारकाने मुलाला दिशा देऊ नये; मुलाने पुढे चालावे व उपचारकाने मागून यावे, हे व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांचे १९४७ सालचे सूत्र क्रीडोपचाराचा पाया समजले जाते. ‘डिब्स’ (१९६४) या त्यांच्या ग्रंथाने ते लोकप्रिय केले. अमरावती-अकोल्याच्या कापूसपट्ट्यात ज्या घरातील कर्त्या शेतकऱ्याने आत्महत्या केली, तेथील मुलाच्या संदर्भात मात्र हे सूत्र पारखून घेतले पाहिजे.

डिब्स आपल्या पित्याची प्रतिमा वाळूत पुरतो. या प्रसंगाचे सारे सामर्थ्य एका अनुक्त गोष्टीवर उभे आहे : खोलीबाहेर पिता जिवंत आहे. मुलाचा राग झेलावयास माणूस उरलेला आहे. वऱ्हाडातील हे मूल तीच कृती करील तेव्हा तिच्यात रूपकाचे अंतर कितीसे राहील? १९७६ साली कॅलिफोर्नियातील चौचिला येथे अपहरण होऊन सुटलेल्या मुलांचा लेनोर टेर यांनी अभ्यास केला. आघातानंतरचा खेळ पुष्कळदा निरानंद व एकसुरी असतो, तो पुनःपुन्हा खेळूनही भीती ओसरत नाही, असे त्यांस आढळले. असा खेळ नुसता पाहत बसण्याला मुलाच्या स्वातंत्र्याचा आदर म्हणता येणार नाही. तेथे उपचारकाला खेळात उतरावेच लागते.

देशी खेळण्यांचा आग्रहही याच दृष्टीने तपासावा. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल हे वऱ्हाडी मुलाचे हक्काचे खेळणे खरे. परंतु कर्जापायी गोठा रिता झालेल्या घरात बैल हा केवळ खेळ राहत नाही. तो अवश्य ठेवावा, पण शेजारी जहाज आणि सिंहही असू द्यावेत. मुलाला दूर जाण्यासही जागा हवी.

आणि आई? विकासकालीन आघात दीर्घकाळच्या नात्यांतून घडतो. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत चाललेल्या ‘विश्राम’ उपक्रमाने १८ महिन्यांत विषण्णताग्रस्त प्रौढांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर नेले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेला शोधनिबंध सांगतो. तेथील मोजमाप प्रौढांचे होते. मुलाचा खेळ त्यात नव्हता. उलट डिब्सच्या खोलीत आई नाही. ‘डिब्स’च्याच वर्षी बर्नार्ड गर्नी यांनी पालकालाच मुलाशी उपचारात्मक खेळ खेळण्यास शिकविण्याची पद्धती मांडली. वऱ्हाडाला तीच अधिक जवळची आहे. मात्र वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून आई दर आठवड्याला अमरावतीस येऊ शकणार नाही. तो तास तिच्या गावातच, अंगणवाडीच्या खोलीत, दिवेलागणीनंतर ठेवावा लागेल.