ऑस्ट्रेलियन ग्राम्य शब्दांची व्युत्पत्ती : पुरावा आणि दंतकथा

ऑस्ट्रेलियात रचला गेलेला पहिला इंग्रजी कोश एका कैद्याच्या हातचा आहे. जेम्स हार्डी व्हॉक्स याने १८१२ मध्ये चोरट्यांच्या सांकेतिक भाषेचा संग्रह केला; तो १८१९ मध्ये त्याच्या आत्मवृत्तासह प्रसिद्ध झाला. त्यात ‘चम’ म्हणजे तुरुंगातील सोबती, आणि नवा कैदी तो ‘न्यू चम’. पुढे बोटीतून नुकत्याच उतरलेल्या कोणाही स्थलांतरितास हेच नाव मिळाले. ‘स्वॅग’, म्हणजे गाठोडे वा चोरीचा माल, हा शब्द कामाच्या शोधात रानोमाळ हिंडणाऱ्या मजुराच्या वळकटीला लागला.

सिडनी बेकर यांच्या १९४५ च्या ग्रंथाने या शब्दांना अभ्यासविषयाची प्रतिष्ठा दिली, हे श्रेय निर्विवाद होय. तथापि जे ऑस्ट्रेलियात आढळले ते तेथेच जन्मले, असे मानण्याकडे त्यांचा कल होता. रॅम्सन यांनी १९६६ मध्ये इंग्लंडच्या प्रांतिक बोलींकडे लक्ष वेधले, ते म्हणूनच महत्त्वाचे. ‘डिंकम’ (अस्सल) हा शब्द सोन्याच्या खाणींवरील चिनी मजुरांकडून आला, असे सांगतात. परंतु इंग्लंडच्या बोलींत तो ‘काम’, ‘कामाचा वाटा’ या अर्थाने होता, आणि बोल्ड्रवुडच्या १८८२-८३ मधील कादंबरीतही त्याचा अर्थ कष्ट असाच आहे. ‘पॉमी’ हा शब्द कैद्यांच्या पदवीची आद्याक्षरे जोडून झाला, ही कथा तर त्याहून दुबळी. कैद्यांची रवानगी १८६८ मध्ये थांबली. शब्द मात्र १९१२ च्या सुमारास दिसू लागतो, आणि तोही ‘इमिग्रंट’शी यमक जुळणाऱ्या ‘पॉमग्रॅनेट’च्या, म्हणजे डाळिंबाच्या, सोबतीने.

अशा कथा केवळ करमणुकीच्या नसतात. ‘कांगारू’ हा शब्द ग्राम्य नव्हे; पण त्याची कथा येथे टाळता येत नाही. ‘हा प्राणी कोणता?’ या प्रश्नाला आदिवासींनी ‘कळत नाही’ असे उत्तर दिले आणि तेच नाव झाले, असे पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले. कुकच्या १७७० च्या नोंदीनंतर १८२० मध्ये त्याच नदीकाठी किंगला निराळाच शब्द मिळाला, हे संशयाचे एक कारण. १९७२ मध्ये जॉन हॅविलँड यांनी गुगू यिमिथिर भाषकांत राहून उलगडा केला : ‘गंगुरू’ हे एका विशिष्ट मोठ्या जातीचे नाव आहे, आणि किंगने टिपलेला शब्द बहुधा ‘खाण्याजोगा प्राणी’ या अर्थाचा. अज्ञान सांगणाऱ्याचे नव्हते, ऐकणाऱ्याचे होते. दंतकथेने ते नेमके उलटे वाटून दिले. ‘यॅका’ (अंगमेहनत) हा शब्दही ब्रिस्बेन परिसरातील यागारा भाषेचे देणे आहे.

‘बँडिकूट’ची वाट याहून लांबची. तेलुगूतील ‘पंदिकोक्कु’, म्हणजे मराठीतील घूस, हा शब्द भारतातील इंग्रजांनी उचलला व ऑस्ट्रेलियातील एका पिशवीधारी प्राण्याला दिला. पुढे त्याचे क्रियापदही झाले : वरचा पाला जागच्या जागी ठेवून खालचे बटाटे चोरून उकरणे.