नगराचा उभा छेद : सातारा व सांगली यांच्या आधारे वास्तुशिक्षणाचा एक विचार

महाराष्ट्रात वास्तुशास्त्राचे पद्धतशीर शिक्षण मुंबईत सुरू झाले आणि तेथूनच त्याला आजचे वळण लागले. सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आरेखकांचे वर्ग निघाले, १९१३ च्या सुमारास वास्तुशास्त्राचा क्रमबद्ध अभ्यासक्रम आला, आणि १९२३ ते १९४३ या काळात क्लॉड बॅटली यांच्या नेतृत्वाखाली त्याला प्रतिष्ठा लाभली. या परंपरेने विद्यार्थ्याच्या हाती दिलेले सर्वांत मोलाचे साधन म्हणजे प्रत्यक्ष मोजणी होय. जुनी वास्तू पाहावयाची, टेप लावून मोजावयाची, आणि तिची तलाकृती, दर्शनी आकृती व छेद कागदावर उतरावयाचे. परंतु इमारतीच्या अभ्यासासाठी घडलेले हे साधन नगराच्या अभ्यासाला जसेच्या तसे पुरते काय, हा प्रश्न मात्र आपल्याकडे पुरेसा विचारला गेलेला नाही. सातारा व सांगली या कृष्णाकाठच्या दोन शहरांच्या आधारे त्याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम या परंपरेचे श्रेय मान्य केले पाहिजे. विद्यार्थ्यांनी केलेल्या मोजणी-आकृत्या एकत्र करून बॅटली यांनी भारतीय वास्तुरचनेच्या विकासावर ग्रंथ सिद्ध केला. देशी वास्तू केवळ वर्णनाचा किंवा कौतुकाचा विषय नसून ती मापाने समजून घेण्याजोगी विद्या आहे, हे त्यामुळे प्रस्थापित झाले. तथापि या पद्धतीत वस्तू तिच्या परिसरापासून वेगळी काढली जाते. कागदावरील वाड्याला चौक असतो, सोपा असतो, कोरीव खांब असतात. पण त्या वाड्याचे जोते रस्त्यापासून किती उंच आहे, परसातील पाणी कोणत्या ओढ्याला जाते आणि आषाढात त्या ओढ्याचे काय होते, हे त्या कागदावर सहसा येत नाही. एका इमारतीच्या बाबतीत ही उणीव क्षम्य ठरेल. नगराच्या बाबतीत ती मूळ विषयच गमावते.

ही उणीव भरून काढण्याची संधी मुंबईला एकदा मिळाली होती, हे विसरून चालणार नाही. १९१४ साली हिंदुस्थानात आलेले पॅट्रिक गेडिस १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. रेषा ओढण्यापूर्वी शहर पायी हिंडून पाहावे, उपचारापूर्वी निदान करावे, आणि हिवतापाच्या भयाने जुनी तळी सरसकट बुजवू नयेत, हा त्यांच्या अहवालांचा आग्रह होता. परंतु गेडिस यांचे अध्यापन विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात चालले, तर आरेखनाचे शिक्षण कलाशाळेत. पुढे १९२४ पासून समाजशास्त्र विभाग गो. स. घुर्ये यांच्याकडे आला व तेथील संशोधन जात, कुटुंब आणि संस्कृती यांच्या अभ्यासात समृद्ध झाले. शहर वाचण्याची विद्या एका छपराखाली आणि शहर रेखाटण्याची दुसऱ्या, अशी ही फाळणी होय. पुढील काळात नगररचना व नागरी आकल्पन हे स्वतंत्र विषय झाले, तरी तिचे परिणाम पुरते ओसरले आहेत असे म्हणता येत नाही.

साताऱ्याचे उदाहरण घ्यावे. १७०८ साली अजिंक्यताऱ्यावर राज्याभिषेक झाल्यानंतर शाहू महाराजांच्या काळात किल्ल्याच्या उत्तर पायथ्याशी हे नगर वसत गेले. तलाकृतीपुरते पाहिले तर वारांची नावे धारण करणाऱ्या पेठा, मध्ये राजवाडा, आणि पूर्वेस पोवई नाक्याकडे जाणारे रस्ते एवढेच दिसते. पुण्याच्या पेठांचीच ही एक लहान आवृत्ती असावी असा समज होतो. किल्ल्यापासून वेण्णेच्या दिशेने उभा छेद घेतला की हा समज टिकत नाही. डोंगराचा उतार, त्या उताराला साधारण आडवे गेलेले दोन मुख्य रस्ते, आणि त्या रस्त्यांना छेदून खाली उतरणारे ओढे, अशी ही रचना आहे. सातारकर या रस्त्यांना आजही वरचा रस्ता आणि खालचा रस्ता म्हणतात. राजपथ व कर्मवीर पथ ही त्यांची अधिकृत नावे असली, तरी लोकांच्या बोलण्यात शहराचा छेद शिल्लक आहे. मंगळवार तळे, मोती तळे, फुटके तळे ही नावेही उतारावरचे पाणी ठिकठिकाणी अडविण्याच्या व्यवहाराची खूण आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कासच्या तलावाचे पाणी डोंगराच्या कडेकडेने शहरात आणले गेले, तेव्हाही उंचीच उपयोगास आली. ही सारी रचना पाण्याच्या ओढीने बांधलेली आहे. ती केवळ वरून पाहणाऱ्या अभ्यासकाला पेठ दिसते. पेठ तेथेच का वसली, हे दिसत नाही.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर याच दोषाचे दुसरे उदाहरण आहे. शाहू महाराजांच्या पत्नी वीरूबाई यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधविलेली ही विहीर वास्तुशास्त्राच्या सहलींचे आवडते स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. विहिरीच्या पोटात महाल योजण्याचे धाडस असामान्य आहे. परंतु आकृत्यांत महाल, कमानी व पायऱ्या जितक्या निगुतीने उतरतात, तितक्या निगुतीने मोटेची धाव व थारोळे उतरत नाही. आणि थारोळ्यातले पाणी पाटाने कोणत्या जमिनीला जाई, याचा शोध तर क्वचितच घेतला जातो. वास्तविक विहिरीला नाव मिळाले ते मोटांवरून, महालावरून नव्हे. नाव देणाऱ्या लोकांनी वास्तूचे प्रयोजन ओळखले होते. आकृती काढणारा जर शिल्पापाशी थांबला, तर त्याची समज नाव देणाऱ्यापेक्षा उणी ठरते.

साताऱ्यात उंची विसरल्याने आकलन अपुरे राहते. सांगलीत ती विसरल्याने घरे बुडतात. १८०१ साली चिंतामणराव पटवर्धन मिरजेपासून विभक्त झाले व सांगली हे संस्थानाचे ठाणे झाले. गणेशदुर्ग, नदीकाठचे गणपतीचे देऊळ आणि गावभाग यांच्याभोवती शहर वाढले. पुढे विसाव्या शतकात विश्रामबागेकडे, १९१९ साली स्थापन झालेल्या विलिंग्डन महाविद्यालयाच्या दिशेने, ते पूर्वेस सरकत गेले. या दोहोंमधील सखल जमीन नकाशावर मोकळी दिसते, आणि मोकळी दिसणारी जमीन भूखंड पाडण्यास योग्य समजली जाते. शामरावनगरासारख्या भागात पावसाचे पाणी साचते ते यामुळेच.

१९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजली जाते. तेथे ४० फूट ही इशाऱ्याची व ४५ फूट ही धोक्याची पातळी होय. २००५, २०१९ व २०२१ या तिन्ही महापुरांत पाणी ५० फुटांच्या पुढे गेले. २०१९ साली ते ५७ फुटांवर पोहोचले. धोक्याच्या पातळीवरचे हे १२ फूट म्हणजे सामान्य घराच्या एका मजल्याहून अधिक. धरणांतील विसर्ग व अलमट्टीचा फुगवटा यांवर पुष्कळ वाद झाला, आणि तो जलशास्त्रज्ञांनी करावा हे उचितच आहे. परंतु वास्तुशास्त्राच्या वाट्याचा प्रश्न निराळा आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा या नकाशावर आखल्या जातात खऱ्या. पण त्या घराच्या छेदावर कोठे येतात, जोत्याला लागतात की खिडकीच्या तळाला, हे रेखाटणे वास्तुशास्त्रज्ञाचेच काम आहे.

येथे जुन्याची आंधळी भलावण करण्याचे कारण नाही. सांगलीजवळ, कृष्णा-वारणा संगमावरील हरिपूर येथे हळद साठविण्याची पेवे होती. वर अरुंद तोंड, खाली मोठे पोट, आणि ओल न धरणारी माती, एवढ्या सामग्रीवर हळद वर्षानुवर्षे टिके. दर्शनी आकृती मुळीच नसलेली, केवळ छेदातच समजणारी ही वास्तू आहे. परंतु २००५ च्या पुराचे पाणी पेवांत शिरले व त्यांतील बहुसंख्य निकामी झाली. परंपरेचे ज्ञान परिचित पुरापुरते खरे होते. अपरिचित पुरापुढे ते हरले. म्हणून परंपरेचे अनुकरण हा या विवेचनाचा निष्कर्ष नव्हे. पेव खोदणाऱ्याने माती जितक्या काळजीने पारखली, तितक्या काळजीने आजच्या अभ्यासकाने आजचे पाणी पारखावे, इतकेच येथे सुचवावयाचे आहे.

यावर असा आक्षेप येईल की हे काम अभियंत्याचे व भूगोलज्ञाचे आहे. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला एका सत्रात ते झेपणार नाही. आक्षेपात तथ्य आहे, पण ते मर्यादित आहे. पाण्याचे गणित इतरांनी करावे. पाण्याने घडविलेले स्थळ रेखाटण्याची शिस्त मात्र दुसऱ्या कोणत्याही विद्याशाखेपाशी नाही. नगराच्या प्रत्येक अभ्यासात डोंगरापासून नदीपर्यंतचा एक सलग उभा छेद, उन्हाळा व पावसाळा या दोन ऋतूंत पाहिलेल्या त्याच रस्त्याच्या दोन आकृत्या, आणि जोत्यांच्या उंचीची एक नोंद एवढे तीन कागद अनिवार्य केले, तरी मोजणीची जुनी परंपरा न मोडता पुढे जाईल. टेप तीच राहील, ती लावण्याची दिशा बदलेल. सांगलीच्या गल्ल्यांत पुराच्या खुणा भिंतींवर उमटलेल्या असतात. पुढल्या रंगकामात त्या पुसल्या जातात. त्या पुसल्या जाण्यापूर्वी मोजून ठेवणे हेही मोजणी-आकृतीचेच काम होय, आणि त्याची निकड कोरीव खांबाच्या मोजणीहून कमी नाही.