पैजेपुरती स्पॅनिश

परभाषा शिकवणाऱ्या पुस्तकांबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. त्यांतली माणसे फार म्हणजे फारच सज्जन असतात. स्पॅनिशच्या पुस्तकातला हुआन सकाळी उठतो, दात घासतो, ग्रंथालयाचा रस्ता विचारतो आणि मारियाला पेन देतो. मारिया आभार मानते. दोनशे पाने उलटली तरी हा बाबा एकदाही तिला "लावतेस पैज?" म्हणत नाही! आणि हे कुठल्या भाषेत? तर ज्या देशात नाताळची सरकारी सोडत 1812 सालापासून चालत आली आहे, 22 डिसेंबरला माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेतली पोरे आकडे चक्क गाऊन सांगतात आणि लोक हातातली कामे टाकून ऐकत बसतात, त्या देशाच्या भाषेत. लग्नाच्या वर्णनातून नवरदेव वगळावा, तशातला हा प्रकार.

तेव्हा हुआनला त्याच्या ग्रंथालयात सोडून हा धडा मी शब्दकोशावरूनच गिरवला.

पहिला शब्द 'हुगार', म्हणजे खेळणे. रोमन लिपीत तो मराठी डोळ्याला सरळ 'जुगार' असाच दिसतो. नातेगोते काही नाही. आपला जुगार द्यूताच्या घराण्यातला. त्यांचा हुगार लॅटिनमधल्या थट्टामस्करीच्या शब्दावरून आलेला. पण चेंडू खेळा, पत्ते खेळा की लॉटरी खेळा, क्रियापद एकच. थट्टेची मस्करी कुठे होते ते कळू नये, अशी सोय भाषेनेच करून ठेवली आहे. खात्रीने काही सांगायचे असेल तर स्पॅनिश माणूस 'मे हुएगो एल कुएयो' म्हणतो, म्हणजे 'मान पणाला लावतो'. आपल्याकडे मिशी उतरवण्यावर भागते. मिशी परत येते तरी.

खास पैजेचे क्रियापद 'आपोस्तार'. 'मी पैज लावतो' याला 'आपुएस्तो'. गंमत अशी, की हाच 'आपुएस्तो' विशेषण म्हणून आला की त्याचा अर्थ होतो देखणा, रुबाबदार! शेवटची रेस संपल्यावर महालक्ष्मीच्या फाटकातून बाहेर पडणारे चेहरे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी या विशेषणाचा विचार करावा. ऑफिसात चौघांनी पैसे काढून सामन्याचा निकाल ओळखायचा, त्याला 'पोर्रा'. पोलिसाच्या दंडुक्यालाही पोर्रा आणि नाश्त्याला तळतात त्या जाडजूड चुरोलाही पोर्राच. शिवाय एखाद्याला 'पोर्राकडे जा' म्हटले, तर तो खड्ड्यात जा म्हटल्यासारखा रागावतो. जुगाऱ्याचा सबंध दिवस एका शब्दात!

लॉटरीच्या बाबतीत मात्र ही भाषा मला आपलीच वाटली. इंग्रज लॉटरी 'जिंकतो', जणू तलवार घेऊन गेला होता. स्पॅनिश माणूस म्हणतो, 'मे तोको ला लोतेरिआ'. शब्दशः, लॉटरीने मला स्पर्श केला. आपल्यालाही ती लागतेच, जशी ठेच लागते, ऊन लागते. वाक्यातला कर्ता लॉटरी. आपण नुसते 'मला' होऊन कडेला उभे. दोन्ही भाषांचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

पण माझे खरे भांडण पुढे आहे. स्पॅनिशमध्ये इच्छा, आशा, शंका यांच्यासाठी क्रियापदाचे निराळे रूप असते. 'देव करो नि तो जिंको' याला 'ओहाला गाने'. 'तो जिंकेलसे वाटत नाही' म्हणतानाही तेच 'गाने'. आणि 'पैज लावतो, तो जिंकतो' म्हणताना? 'आपुएस्तो आ के गाना'. साधे, सरळ, खात्रीचे रूप. सूर्य पूर्वेला उगवतो म्हणताना वापरतात तसे. म्हणजे आशा करणाऱ्याला व्याकरण शंकेखोर ठरवते आणि खिशातले भाडे घोड्यावर लावणाऱ्याला जाणकार! हा नियम पुस्तकांत असतो, पण एका ओळीत, तळटीपेसारखा. त्याच्यावर दोन पाने हवीत.

आणखी एक. 'आपोस्तार'ला 'पोर' हे अव्यय जोडले, की अर्थ होतो विश्वास टाकणे. पुढारी शिक्षणावर 'आपुएस्ता' करतात, कंपन्या भविष्यावर. फासा कुठे दिसतच नाही, इतका हा शब्द धुऊन पांढरा झाला आहे. त्याच देशाच्या सरकारला 2020 मध्ये हुकूम काढून जुगाराच्या जाहिराती रेडिओ-टीव्हीवर रात्री 1 ते पहाटे 5 एवढ्याच वेळात बसवाव्या लागल्या. जुगाराच्या व्यसनालाही शब्द आहे, 'लुदोपातिआ'. तोही हुआनच्या पुस्तकात नाही. ज्याच्या घरात तो शिरला असेल, त्याने डॉक्टरला काय सांगायचे? ग्रंथालय कुठे आहे?

पत्त्यांत 'आता बास, आणखी पान नको' म्हणायचे असेल तर 'मे प्लान्तो' म्हणतात. शब्दशः, मी रोवून उभा राहतो. उच्चार सोपा आहे. पेन देण्याघेण्याच्या आधी मुलांकडून तेवढे घोकून घ्यायला हरकत नाही.