जिजाईची चूल

मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव. जुन्याला बेधडक निरोप द्या, अशी हाक मराठी कवितेत ज्याने दिली त्या कवीच्या गावी, गेल्या मे महिन्यात आमच्या खळ्यात नव्वद वर्षांपूर्वीचा एक चित्रपट लागला, हा योगायोग गमतीचाच म्हणायचा! मुंबईहून आलेल्या भाचरांनी आंब्याच्या दोन झाडांमध्ये पांढरी चादर ताणली, आणि तिच्यावर प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ अवतरला. आमच्या आत्याबाई पुढच्या खुर्चीत, तरुण मंडळी मागे चटईवर. वाचकहो, त्या रात्री मी चित्रपट थोडा आणि प्रेक्षक अधिक पाहिले.

दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा बोलपट 1936 सालचा. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनिसांच्या तुकारामाला लोक खरा तुकोबाच मानीत. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले एक पद तर कित्येकांना तुकोबांचाच अभंग वाटले. यापेक्षा मोठी पावती ती कोणती?

पण ती पावती त्या काळच्या प्रेक्षकांची. आजचे काय? चादरीवर वैकुंठाचे विमान उतरले मात्र, चटईवर खसखस पिकली. आत्याबाईंनी हात जोडले होते. त्या मागे वळून रागाने म्हणाल्या, “हसता कसले रे मेल्यांनो?”

आता दुसरा प्रसंग घ्या. पोर आजारी, घरात दाणा नाही, आणि नवरा भजनात दंग. संतापलेली जिजाई पायातली वहाण हाती घेऊन थेट विठोबालाच जाब विचारायला देवळात शिरते. इथे आत्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मागे मात्र एकदम शांतता! चित्रपट संपल्यावर भाची म्हणाली, “मामा, मला तर तिचंच खरं वाटलं.”

म्हणजे गंमत अशी की, एका पिढीने जिथे हात जोडले तिथे दुसरी हसली. आणि जिथे पहिली हसली तिथे दुसरी गंभीर झाली. संतपटांचा काळ संपला, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. नुसत्या चमत्कारावर उभे असलेले पौराणिक चित्रपट विमानाबरोबरच उडून गेले. हा टिकला, कारण त्यात विमानाइतकीच चूलही खरी आहे. गौरीबाईंनी उभी केलेली जिजाई ही तुकोबांच्या मोठेपणासाठी रंगवलेली कजाग बायको नव्हे. ती म्हैस सांभाळते, पोरे जगवते, नवऱ्यावर तोंड टाकते आणि त्याच्यावर जीवही टाकते. तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हा ती मागे, घरीच राहते.

तरीही भाचीशी मी पूर्ण सहमत नाही. जिजाईची कड घेऊन तुकोबांना बेजबाबदार ठरवणे हेही विमानाला हसण्याइतकेच सोपे आहे. पागनिसांच्या चेहऱ्यावरची ती निर्वैर शांती पाहावी. संसार त्यांना कळत नाही असे नव्हे, तो त्यांच्या मुठीत मावत नाही. दिग्दर्शकांनी निवाडा दिलेला नाही. त्यांनी दोघांनाही खरे ठरवले आणि निवाडा आपल्यावर सोपवला. आजच्या प्रेक्षकाने विमानाला खुशाल हसावे. त्याने चित्रपटाचे काही बिघडत नाही. परंतु हसून झाल्यावर उठून जाऊ नये, एवढेच मागणे.

चादर उतरवताना आत्याबाई स्वतःशीच पुटपुटल्या, “बिचारी आवली! तिला कुणी विचारलंच नाही.” आयुष्यभर ज्या प्रसंगाला त्या हसत आल्या, तो त्या रात्री त्यांनी नातवंडांच्या डोळ्यांनी पाहिला असावा. जुन्याला निरोप जरूर द्यावा, पण या दिवाळीत एकदा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून त्याला पाहावे, आणि मग ठरवावे.