शेवटच्या खंडांतील आंसवें

जे. आर. आर. टोल्कीन या इंग्रज प्राध्यापकाची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही अद्भुत कादंबरी १९५४-५५ सालीं तीन खंडांत प्रसिद्ध झाली. मुग्धा कर्णिक यांनीं ती 'स्वामी मुद्रिकांचा' या नांवानें मराठींत आणिली. तिचा शेवटचा खंड वाचून डोळे पुसणारे वाचक पुष्कळ भेटतात. ते नेमके कशासाठीं रडतात?

दुष्टांचें निर्दालन होतें, राजा सिंहासनावर बसतो, चिमुकला नायक फ्रोडो जिवंत परततो. मग करुणाला जागा कोठें? माझें जुनें मत असें होतें कीं, ग्रंथकर्त्यानें निरोपाचे प्रसंग एकामागून एक रचून वाचकास थकविलें आहे, आणि आंसवें त्या थकव्याचीं आहेत. निरोप अंमळ जास्त झाले आहेत, हें मी आजहि म्हणेन. बाकीचें मत मात्र मला सोडावें लागलें.

गेल्या पावसाळ्यांत, लोणावळ्यास खिडकीबाहेर धुक्याखेरीज कांहीं दिसत नव्हतें अशा एका दुपारीं, पवन मावळांतील एक विद्यार्थिनी हा खंड परत देण्यास आली. तिच्या आजीचें गांव पवना धरणाच्या पाण्याखालीं गेलेलें. फ्रोडो जहाजांत चढतो तेथें तिचे डोळे कोरडेच राहिले होते. पण विजयी मंडळी घरीं येतात आणि ज्या वृक्षाखालीं वाढदिवसाची मेजवानी झाली होती तोच तोडून टाकलेला सॅमला दिसतो, तेथें तिला पुस्तक मिटावें लागलें. सॅमलाहि तेथेंच रडूं कोसळतें. "सर, आजी अजून झाडांचींच नांवें सांगते," एवढेंच ती म्हणाली.

हें प्रकरण अनावश्यक मानणारे थोडे नाहींत. २००३ सालच्या चित्रपटांतून तें गाळलेंच आहे. माझ्या मतें सगळा शेवट त्यावरच उभा आहे. युद्ध दूर देशीं जिंकावें, आणि इकडे आपल्याच गांवीं झाडें पाडलेलीं, पाणी नासलेलें, शेजारी धाकांत! युद्धोत्तर इंग्लंडचें हें रूपक नव्हे, असें टोल्कीननें बजाविलें आहे. पण आपल्या बाळपणचा परिसर डोळ्यांदेखत उद्ध्वस्त होत होता, हेंहि त्यानेंच नमूद केलें आहे. आमच्या शेजारच्या मुळशी पेट्यांत १९२१ सालीं धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. तिकडच्या वाचकास हें दुःख भाषांतर करून सांगावें लागणार नाहीं.

पुढें गांव सावरतें, सॅमनें लाविलेलीं रोपें वाढतात. फ्रोडो मात्र सावरत नाहीं. अग्नीच्या कड्यावर ऐन वेळीं त्याला मुद्रिका टाकवली नव्हती; गोलमनें त्याचें बोट तोडलें व तो तोल जाऊन पडला, म्हणून कार्य झालें. हें फ्रोडो जाणतो. जखमेची तिथि आली कीं तो दरवर्षीं आजारी पडतो, आणि गांवाला त्याचें फारसें कौतुकहि नाहीं. ज्यासाठीं झिजावें तें वांचतें, पण आपल्यासाठीं नव्हे.

आनंदवर्धनानें महाभारताचा प्रधान रस शांत म्हटला, त्याची येथें आठवण होते. विजयानंतरचें तें वैराग्य दोहोंकडे एकच. पण पांडव महाप्रस्थानास निघाले ते सगळे मिळून. कुत्रासुद्धां सोबत होता. येथें सॅमला किनाऱ्यावरून माघारी यावें लागतें. घरीं चूल पेटलेली, पान वाढायचें राहिलेलें, मांडीवर लहानगी मुलगी. त्या रात्रीं त्याला घांस गोड लागला कीं नाहीं, हें टोल्कीन सांगत नाहीं.